राज्यसभेचा एक दिवस: कामकाज पत्रिका हातात घेऊन कसा पाहावा

दर अधिवेशनात आमच्या अभ्यासिकेत आम्ही एक दिवस ठरवून राज्यसभेचं कामकाज पाहायला बसतो. सकाळी अकरापासून संध्याकाळी सभागृह उठेपर्यंत. स्पर्धा परीक्षेची मुलंमुली असतात, दोन निवृत्त शिक्षक असतात, शेजारचे काका असतात. पहिल्या वर्षी तासाभरात निम्मी खोली रिकामी झाली, कारण समोर काय चाललंय तेच कुणाला कळेना. दुसऱ्या वर्षी त्या दिवसाची कामकाज पत्रिका छापून प्रत्येकाच्या हातात दिली, तेव्हा लोक जेवायलाही उठेनात.

फरक एवढाच होता. संसदेचं कामकाज अवघड नाही, ते क्रमाने चालतं. तो क्रम हातात नसला की गोंगाट वाटतो. बातम्यांमध्ये दिसतो तो घोषणांचा अर्धा मिनिट. पण ज्या घटकेला विधेयक संमत होतं, ती घटका बातमीत क्वचितच येते. ती बहुधा संध्याकाळी येते आणि बऱ्याचदा वीसेक मिनिटांत संपते. पहिल्यांदाच कामकाज पाहणाऱ्या माणसाला त्या वीस मिनिटांपर्यंत जागं ठेवणं, एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

बसण्याआधी एवढं माहीत असू द्या

राज्यघटनेनुसार राज्यसभेत जास्तीत जास्त २५० सदस्य असू शकतात. सध्या जागा २४५ आहेत: २३३ निवडून आलेल्यांच्या आणि १२ राष्ट्रपतींनी नामनिर्देशित केलेल्यांच्या. महाराष्ट्राच्या वाट्याला १९ जागा, गोव्याला १. हे सदस्य तुमच्याआमच्या थेट मतांनी येत नाहीत. राज्यांच्या विधानसभांचे आमदार त्यांना निवडतात. मुदत सहा वर्षांची, आणि दर दोन वर्षांनी साधारण एक तृतीयांश निवृत्त होतात. म्हणून लोकसभेसारखी राज्यसभा विसर्जित होत नाही. या गोष्टीचा कायद्यांवर परिणाम होतो, तो पुढे विधेयकाच्या वेळी सांगते.

सभापती म्हणजे देशाचे उपराष्ट्रपती. ते आसनावर नसतील तेव्हा उपसभापती, आणि दोघेही नसतील तेव्हा तालिकेवरचे, म्हणजे त्यासाठी नेमलेल्या यादीतले, सदस्य कामकाज चालवतात. दुपारनंतर आसनावरचा चेहरा दोन-तीनदा बदलला तर गोंधळू नका. सभापतींच्या उजव्या हाताला सत्ताधारी बाकं आणि डाव्या हाताला विरोधी बाकं असतात. लाल छटेचा गालिचा दिसला की राज्यसभा, हिरवा दिसला की लोकसभा. नव्या इमारतीतलं राज्यसभेचं दालन कमळाच्या कल्पनेवर सजवलं आहे आणि तिथे ३८४ जणांची बसायची सोय आहे. १९ सप्टेंबर २०२३ पासून दोन्ही सभागृहं या इमारतीत भरतात.

आदल्या संध्याकाळी: पत्रिका काढून ठेवा

संसदेच्या संकेतस्थळावर, राज्यसभेच्या विभागात, दुसऱ्या दिवसाची कामकाज पत्रिका आदल्या दिवशी येते. हिंदीत आणि इंग्रजीत असते, मराठीत नसते. सकाळी पुन्हा एकदा पाहा, कारण सुधारित किंवा पुरवणी पत्रिका येऊ शकते. आमचा एक अख्खा दिवस जुनी पत्रिका हातात धरून वाया गेला होता, म्हणून हे आवर्जून सांगते.

पत्रिकेत विधेयकाचं नाव सापडलं की तिथेच थांबू नका. त्याच संकेतस्थळावर विधेयकाचा मूळ मसुदा असतो. तो उघडून आधी शेवटची पानं वाचा, जिथे 'उद्देश व कारणे' यांचं निवेदन असतं. सरकारला हा कायदा का हवा आहे, ते तिथे पान-दीड पानात सांगितलेलं असतं. मग कलमं चाळा. सगळी समजायला हवीत असं नाही. एखादं कलम तुमच्या कामाशी, शेताशी, दुकानाशी, शाळेशी संबंधित असेल तर त्याच्यापुढे पेन्सिलीने खूण करा. संध्याकाळी त्या आकड्यावर कान ठेवायचा आहे.

त्या विधेयकाला किती तास दिलेत, हे कामकाज सल्लागार समिती ठरवते. तो वेळ पक्षांच्या संख्याबळाप्रमाणे वाटला जातो. मोठ्या पक्षाचा सदस्य वीस मिनिटं बोलतो आणि एकट्या सदस्याला तीन मिनिटांत बसवतात, त्यामागे हे गणित आहे. सभापती मुद्दाम कुणाला तोडतात असं लगेच समजू नये.

अकरा वाजता

मार्शल मोठ्याने पुकारा करतात, सभापती आत येतात, सगळे उभे राहतात, नमस्कार होतो. एखादे माजी सदस्य वारले असतील तर आधी शोकप्रस्ताव आणि मौन.

मग कागदपत्रं पटलावर, म्हणजे अधिकृतपणे सभागृहासमोर, ठेवण्याचं काम. मंत्री उभे राहतात, पत्रिकेत माझ्या नावासमोर असलेली कागदपत्रं पटलावर ठेवतो असं एका वाक्यात सांगतात आणि बसतात. पाच-सात मिनिटांत सगळं उरकतं. इथे लोक चहा आणायला उठतात. पण या कागदांमध्ये महालेखापरीक्षकांचे अहवाल असतात, सरकारी कंपन्यांचे वार्षिक अहवाल असतात, आणि मंत्रालयांनी कायद्याखाली काढलेले नियम व अधिसूचना असतात. संसद कायदा करते तेव्हा तपशील बहुतेक वेळा नियमांवर सोपवते. ते नियम संसदेसमोर ठेवावे लागतात आणि सदस्यांना त्यांत बदल सुचवता येतो. तुमच्या धंद्याचा परवाना कुठल्या नमुन्यात मागायचा, शुल्क किती, हे अशाच एखाद्या कागदात असतं. शिवाय स्थायी समित्यांचे अहवालही याच वेळी मांडले जातात. मंत्रालयांशी निगडित अशा २४ समित्या आहेत आणि प्रत्येकीत ३१ सदस्य असतात, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. पक्षांची भांडणं बाजूला ठेवून विधेयक ओळ न ओळ वाचलं जातं, ते या समित्यांमध्ये. त्यांचे अहवाल संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतात, आणि माझ्या मते एखाद्या विषयाची सुरुवात करायला त्याहून चांगला कागद नाही.

याच सुमारास नियम २६७ हा शब्द कानावर पडेल. ठरलेलं कामकाज बाजूला ठेवून अमुक विषयावर आत्ताच चर्चा घ्या, अशी सूचना या नियमाखाली देता येते. अशा सूचना वारंवार येतात आणि सभापती त्या फेटाळतात. मग गदारोळ होतो, कधी सभागृह तहकूब होतं. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटबंदीवरची चर्चा या नियमाखाली झाली होती. आजची सूचना कशावर होती, एवढं वहीत टिपून ठेवा आणि पुढे चला.

शून्य प्रहर: तीन मिनिटं

लोकसभेत अकराला प्रश्नोत्तराचा तास असतो आणि बाराला शून्य प्रहर. राज्यसभेत नोव्हेंबर २०१४ पासून उलटं आहे: आधी शून्य प्रहर, मग बारा वाजता प्रश्नोत्तरं. परीक्षेची मुलं इथे हमखास चुकतात.

शून्य प्रहर हे नाव नियमावलीत नाही. पत्रिकेत 'सभापतींच्या परवानगीने मांडलेले विषय' असं काहीसं दिसेल. ज्यांच्या सूचना स्वीकारल्या त्यांना एकेकाला तीन मिनिटं मिळतात. तीन मिनिटं झाली की माइक बंद होतो, वाक्य अर्धवट असलं तरी. म्हणून जाणता सदस्य मागणी आधी सांगतो आणि पार्श्वभूमी नंतर. नवखा सदस्य आधी आभार मानतो, मग इतिहास सांगतो, आणि मागणीपाशी येता येता आवाज जातो. मुलांना मी घड्याळ लावून हे ऐकायला लावते. कमी वेळात मुद्दा कसा मांडावा याचं शिक्षण त्यात आहे.

एखाद्याचं बोलून झालं की आजूबाजूचे हात वर करून सांगतात की मी या विषयाशी स्वतःला जोडून घेतो. त्यांची नावं नोंदली जातात. विदर्भातल्या कापसाचा किंवा कोकणातल्या मच्छीमारांचा विषय निघाला तर कुणाकुणाची नावं जोडली गेली ते पाहा. पक्ष वेगळे असूनही नावं एकत्र आलेली कधी कधी दिसतात.

आता भाषेचं. घटनेप्रमाणे कामकाज हिंदी किंवा इंग्रजीत चालतं, पण सभापतींच्या परवानगीने मातृभाषेत बोलता येतं. आठव्या अनुसूचीतल्या सर्व २२ भाषांमध्ये बोलण्याची आणि ते सगळ्यांना लगेच भाषांतरित होऊन ऐकू येण्याची सोय राज्यसभेत जुलै २०१८ मध्ये झाली. कोकणी त्या वेळी जोडलेल्या पाच भाषांपैकी एक. म्हणजे मराठीत आणि कोकणीत बोलायला आज अडचण नाही, फक्त दुभाषा हजर राहावा म्हणून आधी कळवावं लागतं. आपल्या खासदारांना पत्र लिहाल तेव्हा हे जरूर लिहा. मराठीतलं भाषण त्या सभागृहात घुमतं तेव्हा आमच्या खोलीत सगळे नीट सरसावून बसतात, हे मी दरवेळी पाहिलं आहे.

बारा ते एक: प्रश्नोत्तरं

रोज १५ तारांकित प्रश्न असतात आणि जास्तीत जास्त १६० अतारांकित. तारांकिताचं उत्तर मंत्री सभागृहात देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकिताचं उत्तर फक्त लेखी. मंत्रालयांचे पाच गट केलेले असतात आणि आठवड्याच्या एकेका दिवशी एकेक गट. म्हणजे शेतीचे किंवा रेल्वेचे प्रश्न कुठल्या वारी येणार, हे आधी कळतं. तो वार निवडून बसा.

तारांकित प्रश्नाचं मूळ उत्तर लेखी दिलेलंच असतं, त्यामुळे मंत्री ते वाचत नाहीत. विवरण पटलावर ठेवलं आहे एवढं म्हणतात. खरी परीक्षा उपप्रश्नात. मूळ प्रश्नकर्त्याला पहिले दोन, मग इतरांना एकेक. चांगला उपप्रश्न एका श्वासात संपतो आणि त्याला आकडा, तारीख किंवा हो-नाही यांतलं एक द्यावंच लागतं. लांबलचक प्रश्न विचारला की मंत्र्यांना त्यातला सोपा भाग उचलता येतो. तासाभरात सगळे पंधरा क्वचितच होतात. उरलेल्यांची लेखी उत्तरं नोंदीत जातात.

ही लेखी उत्तरं संकेतस्थळावर येतात, आणि नवख्या माणसासाठी संसदेतली सगळ्यांत उपयोगी गोष्ट बहुधा हीच आहे. विषयाने, मंत्रालयाने किंवा सदस्याच्या नावाने शोधता येतात. अनेक उत्तरांना राज्यवार आकड्यांचा तक्ता जोडलेला असतो. गेल्या वेळी एका मुलीला शाळांमधल्या रिक्त पदांविषयी माहिती हवी होती. माहिती अधिकाराचा अर्ज करायला निघाली होती. अशाच एका उत्तराच्या जोडपत्रात महाराष्ट्राची ओळ तिला दहा मिनिटांत मिळाली. उत्तरात 'माहिती गोळा केली जात असून पटलावर ठेवली जाईल' असं वाक्य आलं तर त्यावर खूण करा. ते आश्वासन धरलं जातं आणि शासकीय आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते.

एक ते दोन जेवणाची सुट्टी.

दोननंतर: विधेयक

मंत्री उठून प्रस्ताव मांडतात: लोकसभेने संमत केलेलं अमुक विधेयक विचारात घ्यावं. विधेयक राज्यसभेतच प्रथम आलं असेल तर शब्द थोडे वेगळे. धन विधेयक, म्हणजे फक्त कर आणि सरकारी पैशांविषयीचं विधेयक, मात्र इथे सुरू होऊ शकत नाही. ते आलंच तर राज्यसभेने १४ दिवसांत शिफारशींसह किंवा शिफारशींविना परत करायचं, आणि शिफारशी मानायच्या की नाही ते लोकसभेने ठरवायचं. मार्च २०१६ मध्ये आधार विधेयक धन विधेयक म्हणून आलं. राज्यसभेने पाच दुरुस्त्या सुचवल्या आणि लोकसभेने त्याच दिवशी त्या नाकारल्या. म्हणून विधेयक कुठल्या प्रकारचं आहे हे सकाळीच पाहून ठेवायचं. त्यावर राज्यसभेच्या त्या दिवसाचं वजन ठरतं.

मग चर्चा. विधेयक चांगलं की वाईट, गरज आहे की नाही, तत्त्वांवर बोललं जातं. कुणी विधेयक प्रवर समितीकडे, म्हणजे त्याच विधेयकाच्या छाननीसाठी नेमलेल्या सदस्यांच्या समितीकडे, पाठवा असा प्रस्ताव देतं. मधेच कुणी हरकतीचा मुद्दा उपस्थित करतं. त्यात नियमाचा क्रमांक सांगावा लागतो आणि सभापती त्यावर निर्णय देतात. चर्चा दोन-चार तास चालते. सगळी ऐकणं होणार नाही, तर तीन माणसं निवडा: सुरुवातीला मंत्री, विरोधी बाजूचा पहिला वक्ता, आणि शेवटी उत्तर देणारे मंत्री. मंत्र्यांनी कुठल्या आक्षेपाला उत्तर दिलं आणि कुठला टाळला, याची यादी करा. विरोधी बाजू दुबळी बोलली तर तेही लिहा. मुलांना मी एवढंच सांगते की ज्याचं मत आपल्याला पटत नाही त्याचं भाषण आधी पूर्ण ऐकायचं.

संध्याकाळी सभागृह ओस दिसलं तर गणपूर्ती आठवा. एकूण सदस्यांच्या एक दशांश, म्हणजे २५ जण हवेत. कुणी मोजणीची मागणी केली की घंटी वाजते आणि सदस्य धावत येतात.

कलम २ पासून कलम १ पर्यंत

मंत्र्यांचं उत्तर संपलं. आता पेन्सिलीची खूण असलेला मसुदा समोर घ्या, आवाज वाढवा आणि कुणाशी बोलू नका.

सभापती विचारतात, विधेयक विचारात घ्यावं का? होय म्हणणारे होय म्हणतात, नाही म्हणणारे नाही. सभापती कानाने अंदाज घेऊन म्हणतात की मला वाटतं होकार देणारे अधिक आहेत. प्रस्ताव संमत.

मग कलमं. पुकारा कलम २ पासून सुरू होतो. ज्या कलमाला दुरुस्ती नाही, ती कलमं एका दमात जातात: कलम २ ते ९ विधेयकाचा भाग व्हावीत. होय. झाली. ज्याला दुरुस्ती आहे तिथे थांबतात. दुरुस्ती देणाऱ्या सदस्याचं नाव घेतात, आपण ती मांडता का विचारतात, सदस्य मांडतात किंवा मांडत नाहीत म्हणतात, मत घेतलं जातं, बहुतेक वेळा दुरुस्ती फेटाळली जाते आणि कलम जसंच्या तसं पुढे जातं. तुम्ही खूण केलेलं कलम इथे आठ-दहा सेकंदांत निघून जातं. आयुष्यभर ज्या ओळीने तुमचं काम बांधलं जाणार, ती ओळ. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा वेग धक्का देतो, आणि मला वाटतं तो धक्का प्रत्येक नागरिकाने एकदा तरी घ्यावा. कारण त्यानंतर कळतं की बोलायचं असेल तर समितीच्या वेळी, मसुदा लोकांपुढे असताना, खासदारांना दुरुस्ती सुचवून, म्हणजे कितीतरी आधी बोलायला हवं होतं.

सगळ्यांत शेवटी कलम १, अधिनियमन सूत्र (संसद हा कायदा करते आहे असं सांगणारं सुरुवातीचं वाक्य) आणि नाव. आमच्या अभ्यासिकेतल्या एका मुलीने विचारलं होतं, "मॅडम, पहिलं कलम शेवटी का घेतात?" कलम १ मध्ये कायद्याचं नाव, वर्ष आणि तो कधी लागू होणार हे असतं, आतली कलमं बदलली तर हेही बदलावं लागेल, म्हणून ते मागे ठेवतात. याचं एक साधं उदाहरण मसुद्यात डोळ्यांनी दिसतं. विधेयक २०२२ मध्ये मांडलं आणि २०२३ मध्ये संमत होतंय, तर मंत्री दुरुस्ती मांडतात: २०२२ च्या जागी २०२३ घालावं, आणि अधिनियमन सूत्रात 'गणराज्याच्या त्र्याहत्तराव्या वर्षी' याच्या जागी 'चौऱ्याहत्तराव्या वर्षी' घालावं. त्या मुलीने पुढच्या अधिवेशनात स्वतः असा बदल ओळखला आणि खोलीत मोठ्याने सांगितला.

शेवटचा प्रस्ताव: विधेयक संमत व्हावं. राज्यसभेने एक शब्द जरी बदलला असेल तर विधेयक पुन्हा लोकसभेकडे जातं. म्हणून सरकार इथे दुरुस्त्या टाळतं आणि विरोधक इथेच जोर लावतात.

आणि सुरुवातीला म्हटलं ती विसर्जनाची गोष्ट. महिला आरक्षणाचं विधेयक राज्यसभेने ९ मार्च २०१० रोजी १८६ विरुद्ध १ मतांनी संमत केलं. लोकसभेत ते तसंच पडून राहिलं आणि २०१४ मध्ये ती लोकसभा विसर्जित झाल्यावर विधेयक बाद झालं. राज्यसभेत मांडलेलं आणि तिथेच प्रलंबित असलेलं विधेयक मात्र लोकसभा विसर्जित झाली तरी जिवंत राहतं.

आवाजी मतदान आणि मतविभाजन

हा भाग नीट समजून घ्या. आवाजी मतदानात कुणी कुठल्या बाजूने आवाज दिला याची नावानिशी नोंद राहत नाही. तुमच्या राज्यातल्या खासदारांनी काय केलं, हे नंतर शोधून सापडत नाही. नाव नोंदवायचं असेल तर मतविभाजन हवं.

कुणी सभापतींच्या अंदाजाला आव्हान दिलं की मतविभाजन होतं. लॉबी मोकळ्या करा असा आदेश होतो, सगळ्या आवारात घंटी वाजते, सदस्य आपापल्या जागी येतात, दरवाजे बंद होतात. बाकावरच्या बटणांनी मत नोंदवलं जातं: होय, नाही किंवा तटस्थ. निकाल फलकावर येतो आणि सभापती तो 'दुरुस्तीच्या अधीन' म्हणून वाचतात, कारण ज्यांचं बटण नीट दाबलं गेलं नाही त्यांच्या चिठ्ठ्या नंतर मिळवल्या जातात. सभापती स्वतः मत देत नाहीत. समसमान झाली तरच देतात.

२० सप्टेंबर २०२० रोजी कृषी विधेयकं गदारोळात आवाजी मतदानाने संमत झाली. विरोधकांनी मतविभाजन मागितलं होतं. सदस्य आपल्या जागेवर नसल्याचं कारण आसनावरून दिलं गेलं. दुसऱ्या दिवशी आठ सदस्य निलंबित झाले. त्या दिवसाविषयी तुमचं मत काहीही असो, मतविभाजन म्हणजे काय आणि ते जागेवर बसूनच का मागायचं, हे त्या नोंदीतून लख्ख समजतं. शिवाय कोण हजर होतं हे मोजायला शिका. साध्या विधेयकाला उपस्थित राहून मत देणाऱ्यांचं बहुमत पुरतं. तिहेरी तलाकचं विधेयक ३० जुलै २०१९ रोजी ९९ विरुद्ध ८४ ने संमत झालं. बेरीज केलीत तर गैरहजर आणि सभात्याग केलेल्यांनीही निकाल ठरवायला हातभार लावला हे दिसेल.

घटनादुरुस्तीला हे चालत नाही. एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून अधिक, म्हणजे किमान १२३, आणि शिवाय मत देणाऱ्यांच्या दोन तृतीयांश, अशा दोन्ही अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. २१ सप्टेंबर २०२३ रोजी महिला आरक्षणाची घटनादुरुस्ती इथे २१४ विरुद्ध ० ने संमत झाली. २०१० च्या आकड्याशेजारी हा आकडा लिहून ठेवण्यासारखा आहे.

रात्र झाली म्हणून टीव्ही बंद करू नका. वक्फ सुधारणा विधेयकावर ३ एप्रिल २०२५ ची बैठक मध्यरात्र उलटून पुढे चालली आणि पहाटे १२८ विरुद्ध ९५ असं मतदान झालं. बाहेर ४ एप्रिल उजाडला होता, पण बैठक ३ तारखेचीच, त्यामुळे नोंदही ३ एप्रिलच्या कामकाजात शोधायची.

शुक्रवार निवडलात तर

शुक्रवारी दुपारचे अडीच तास खासगी सदस्यांचे, म्हणजे मंत्री नसलेल्या कुणाही सदस्याचे: एका आठवड्याला विधेयकं, दुसऱ्याला ठराव. अशी १४ विधेयकं आजवर कायदा झाली आणि शेवटचं १९७० मध्ये. तरीही शुक्रवार पाहाच. २४ एप्रिल २०१५ रोजी तिरुची शिवा यांचं तृतीयपंथीयांच्या हक्कांचं विधेयक राज्यसभेने संमत केलं. लोकसभेत ते पुढे गेलं नाही, पण त्या विषयावर नंतर सरकारला स्वतःचं विधेयक आणावं लागलं.

प्रत्यक्ष जायचं असेल तर

प्रेक्षक सज्जाचा पास खासदारांच्या कार्यालयातून मिळतो. तारीख आधी मागा, ओळखपत्र ठेवा. फोन, पिशवी, वही काहीही आत नेता येत नाही; टाळ्या नाहीत, कुजबुज नाही. पास साधारण तासाभराचा असतो, म्हणून पत्रिका पाहून तास निवडा. पूर्ण दिवस समजून घ्यायचा असेल तर घरी संसद टीव्हीच बरा. दोन्ही सभागृहांचं थेट प्रक्षेपण वेगवेगळं चालतं आणि यूट्यूबवरही असतं.

दुसऱ्या दिवशी: नोंद

सभागृहात बोललेला शब्दन्‌शब्द प्रतिवेदक उतरवून घेतात. काही मिनिटांची पाळी झाली की एक उठतो, दुसरा बसतो. असंपादित नोंद लवकर संकेतस्थळावर येते, अंतिम नंतर. बुलेटिन भाग १ मध्ये दिवसभरात काय झालं ते थोडक्यात असतं. घाई असेल तर तेवढं वाचा. जुन्या चर्चाही ठेवलेल्या आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५२ पासून अखेरपर्यंत राज्यसभेचे सदस्य होते. त्यांची त्या काळातली भाषणं तिथे मूळ रूपात वाचता येतात.

नोंद वाचताना दोन खुणा लक्षात ठेवा. कंसात 'व्यवधान' लिहिलं असेल तिथे गोंधळ होता. शब्दांच्या जागी नुसत्या चांदण्या असतील तिथले शब्द सभापतींनी कामकाजातून काढले आहेत. तुम्ही काल कानांनी ऐकलेलं वाक्य आज चांदण्यांत गेलेलं दिसेल.

मग मतविभाजनाची पानं काढा. होय, नाही, तटस्थ, आणि प्रत्येकाखाली नावं. महाराष्ट्राची एकोणीस आणि गोव्याचं एक नाव शोधा, आणि जे कुठल्याच यादीत नाही ते वेगळं लिहा. आमच्या अभ्यासिकेत दिवस इथे संपतो: फळ्यावर वीस नावं, प्रत्येकापुढे एक खूण, आणि रिकाम्या राहिलेल्या नावांच्या खासदारांना पाठवायच्या पत्राचा मसुदा.